द्राक्षबागेतले बुरशीजन्य रोग: औषधाआधी दिवस ओळखा



गेल्या धड्यात आपण दुकानातल्या मालाची फिरती बघितली. आज बागेत जायचं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की "सर, द्राक्ष पट्ट्यात काहीतरी सुरू करायचंय. औषधाचं दुकान टाकू, ब्लोअर घेऊ की सल्ला देऊ?" व्हिडिओत वेळ कमी पडतो, आकडे पटकन निघून जातात. म्हणून तो सगळा विषय इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक गोष्ट पक्की करू. द्राक्ष पट्ट्यातला कुठलाही धंदा, मग तो दुकानाचा असो, फवारणीचा असो, नाहीतर स्वतःच्या बागेचा, शेवटी तीन रोगांभोवती फिरतो: डाऊनी, भुरी आणि करपा. हे तीन रोग कधी येतात हे ज्याला कळतं, त्याचं गिऱ्हाईक टिकतं. ज्याला फक्त बाटल्यांची नावं पाठ आहेत, त्याच्याकडे पहिल्या वर्षी गर्दी होते आणि दुसऱ्या वर्षी नुसती उधारी उरते.

द्राक्षाला दुसरी संधी नसते

टोमॅटोचा एक तोडा गेला तर पुढचा येतो. कोथिंबीर गेली तर महिना-दीड महिन्यात पुन्हा हाताशी येते. द्राक्षाचं तसं नाही. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या आसपासची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी, म्हणजे फळ छाटणी. घड दिसतो ऑक्टोबरनंतर, पण तो काडीत तयार होतो त्याआधीच्या उन्हाळ्यात. म्हणजे गोडी छाटणीनंतर फुटीवर आलेला कोवळा घड डाऊनीने गेला, तर त्या काडीवर त्या वर्षी दुसरा तसा घड येत नाही. वर्ष गेलं. मजुरी, खत, छाटणी, पेस्टिंग हा सगळा खर्च मात्र होऊन बसलेला असतो.

२०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवा. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि नाशिक भागातल्या फुटीवर, फुलोऱ्यावर असलेल्या बागांचं मोठं नुकसान झालं. त्या वर्षी कोणाकडे औषध नव्हतं असं नाही. दुकानं भरलेली होती. अनेकांना फवारायला बागेत ट्रॅक्टरच घालता येत नव्हता, आणि मधली उघडीप मिळाली ती काही तासांची. तेव्हा अडलं होतं ते वेळेवर, मालावर नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे धंद्याचं गणित मांडताना हाच कामाला येणार आहे.

तीन रोग, तीन स्वभाव

*१. डाऊनी, म्हणजे केवडा.* पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळसर डाग दिसतो. पान उलटं केलं की त्याच जागी पांढरी, कापसासारखी वाढ. याला पाणी लागतं. अंधारी दमट रात्र असली की पानाखाली बीजाणू तयार होतात, आणि पान दोन-तीन तास सलग ओलं राहिलं की पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून रोग आत शिरतो. वीस ते पंचवीस अंश तापमान त्याला सगळ्यात मानवतं. आत शिरल्यावर चार-पाच दिवस, कधी आठवडाभर, बाहेर काहीही दिसत नाही. शेतकरी दुकानात पान घेऊन येतो तो त्यानंतर. म्हणजे आज दिसणारा डाग आजचा नसतोच, तो गेल्या आठवड्यातल्या पावसाचा असतो.

शंका असेल तर घरच्या घरी तपासणी करता येते. संशयित पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर अंधारात ठेवा. डाऊनी असेल तर सकाळपर्यंत डागाखाली पांढरी वाढ दिसते. खर्च शून्य. तुम्ही दुकान टाकणार असाल तर ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. "बहुतेक डाऊनी वाटतोय" या शब्दांवर औषध देऊ नका.

*२. भुरी.* पानावर, काडीवर, मण्यावर राखाडी-पांढरी पावडर. बोटाने पुसली तर पुसली जाते. हिला साचलेलं पाणी लागत नाही, उलट सततचा पाऊस तिला फारसा मानवत नाही. ढगाळ हवा, दमटपणा, दाट पानांमुळे आत आलेला अंधार, हे तिचं घर. पारा पस्तीसच्या वर गेला की वाढ मंदावते. मणी कोवळे असताना भुरी बसली तर साल ताठर होते, आतला गर फुगतो आणि मणी तडकतो. मण्यात साखर भरायला लागली की मण्यावर नवी लागण होणं कमी होतं, पण घडाच्या देठावर ती पुढेही राहते. पेटीत घड सुंदर दिसतो आणि देठ काळा पडलेला असतो. व्यापारी भाव तिथेच पाडतो.

*३. करपा.* पावसाळ्यातला रोग. खरड छाटणीनंतर जून ते सप्टेंबर जी कोवळी फूट असते, तिच्यावर बारीक काळपट ठिपके पडतात. मधला भाग वाळून गळतो आणि पानाला छिद्रं पडतात. काडीवर खोलगट जखमा होतात. या जखमाच पुढच्या हंगामाचं बियाणं. छाटणीत रोगट काड्या बागेतच बांधावर टाकल्या, तर आपण रोग साठवून ठेवला असं समजा.

याच्यासारखाच दिसणारा जिवाणूजन्य करपाही असतो. तो बुरशी नाही, त्यामुळे बुरशीनाशकांपैकी तांबेयुक्त औषधं सोडली तर बाकीच्यांचा त्याच्यावर उपयोग होत नाही. फरक कळत नसेल तर पान कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. त्यात कमीपणा काही नाही.

आता एक बारकावा, जो दुकानदाराचे आणि शेतकऱ्याचे दोघांचेही पैसे वाचवतो. डाऊनी शास्त्रज्ञांच्या लेखी खरी बुरशीच नाही. ती बुरशीसारख्या दिसणाऱ्या वेगळ्या कुळातली आहे. म्हणून भुरीवरचं हेक्झाकोनॅझोल किंवा डायफेनकोनॅझोल डाऊनीवर चालत नाही, आणि डाऊनीवरचं मेटॅलॅक्झिल भुरीला हातही लावत नाही. "बुरशीचं औषध द्या" असं गिऱ्हाईक म्हणालं, की पहिला प्रश्न विचारायचा, "कुठली?"

हवामान हाच ऑर्डर बुक

आम्हाला बीबीएला मागणीचा अंदाज हा विषय होता. उदाहरणं साबणाची आणि टीव्हीची. द्राक्ष पट्ट्यात मागणीचा अंदाज म्हणजे आकाश. गोडी छाटणीपासूनचे दिवस मोजा आणि त्याच्या शेजारी हवामान लिहा. साधारण असं दिसेल:

- छाटणीनंतर पहिले आठ-बारा दिवस: डोळे फुगतात, पोंगा अवस्था येते. बाग उघडी असते. खोड-ओलांड्यावरचा जुना रोग साफ करायची हीच वेळ.
- तीन-पाच पानांपासून फुलोऱ्यापर्यंत, म्हणजे साधारण पंधरा ते पंचेचाळीस दिवस: सगळ्यात धोक्याचा काळ. फूट कोवळी, घड कोवळा. या दिवसांत पाऊस किंवा सलग दव म्हणजे डाऊनी.
- मणी धरल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत: पाऊस संपलेला असतो, थंडी सुरू होते, पानं दाट झालेली असतात. भुरीचे दिवस. ढगाळ हवा आठवडाभर टिकली की मणी उचलून देठ बघायचे.
- पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत: रोगापेक्षा अवशेषाची भीती जास्त. याविषयी पुढे बोलू.

राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीला आहे. हवामान बघून पुढच्या आठवड्यात काय करायचं याचा विभागवार सल्ला ते देतात. हवामान विभागाचाही दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो. दोन्ही फुकट आहेत. तरीही किती दुकानांत ते वाचले जातात ते एकदा फिरून बघा. सल्ल्याचा एक कागद काउंटरवर लावला, तरी तुमचं दुकान शेजारच्या चार दुकानांपेक्षा वेगळं दिसेल.

हवामान म्हणजे धंद्यातली जोखीम, आणि जोखमीला किंमत असते. बागलाणात, म्हणजे सटाणा भागात, काही बागायतदार पावसाळ्यातच छाटणी घेतात. माल लवकर येतो, बाजारात द्राक्ष कमी असतं, भाव चांगला मिळतो. पण ऐन पावसात कोवळी फूट, म्हणजे डाऊनीला आमंत्रणच. म्हणून तिथे काही जणांनी बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन घातलं. खर्च मोठा आहे. पण ते विकत काय घेतात बघा. पान कोरडं ठेवायचे तास विकत घेतात. डाऊनीला ओलं पान लागतं, ते मिळूच द्यायचं नाही. रोगाचा स्वभाव कळला की गुंतवणूक कुठे करायची तेही कळतं.

फवारणीआधीची कामं

ही कामं बाटलीत मिळत नाहीत, म्हणून यांची जाहिरातही होत नाही. पण इथे झालेला एक रुपया पुढे फवारणीत वाचतो.

बगलफुटी वेळेवर काढा. काड्यांची गर्दी कमी करा. घडाजवळची जास्तीची पानं काढून हवा खेळती ठेवा. पान लवकर वाळलं की रोगाचे तास कमी होतात, आणि औषधही आतपर्यंत पोचतं. नत्र जपून द्या, कारण लुसलुशीत फूट रोगाला आवडते. छाटणीनंतर रोगट काड्या आणि गळालेली पानं बागेबाहेर नेऊन नष्ट करा. मांडवाखाली दुपारी उभे राहा. जमिनीवर उन्हाचे ठिपके दिसत नसतील, तर विरळणीचं काम बाकी आहे.

औषधांची दोन कामं: कुंपण आणि डॉक्टर

औषधं ढोबळमानाने दोन प्रकारची.

स्पर्शजन्य: मॅन्कोझेब, तांबेयुक्त औषधं, गंधक. ही पानावर बसतात, आत जात नाहीत. म्हणजे कुंपण. चोर यायच्या आधी कुंपण घालायचं असतं. पावसाने ती धुऊन जातात. आणि वाढीच्या दिवसांत वेलीला दर तीन-चार दिवसांनी नवं पान येतं, हे विसरू नका. "आठ दिवसांपूर्वीच तर मारलंय" असं शेतकरी म्हणतो, पण त्यानंतर आलेल्या दोन-तीन पानांवर औषधाचा कणही नसतो.

आंतरप्रवाही: मेटॅलॅक्झिल, डायमेथोमॉर्फ, सायमॉक्झॅनिल, फोसेटिल ही डाऊनीसाठी. टेब्युकोनॅझोल, डायफेनकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल ही भुरीसाठी. यातली काही पानाच्या वरच्या थरातून खालच्या थरापर्यंतच जातात, काही वेलीत दूरवर फिरतात. ही डॉक्टरसारखी. पण डॉक्टरला लवकर बोलवावं लागतं. लागण झाल्यावर पहिले एक-दोन दिवस उपयोग चांगला होतो. डाग दिसल्यावर मारलं तर पुढचा प्रसार थांबतो, गेलेला घड परत येत नाही.

डॉक्टरही तोच तोच बोलावला की रोगाला सवय होते. मेटॅलॅक्झिल किंवा अॅझॉक्सिस्ट्रोबिनसारख्या औषधांना रोगाने दाद न देणं हे जगभरच्या द्राक्ष भागांत दिसलं आहे. म्हणून तीन नियम वहीत लिहा:

१. एका गटाचं औषध एका हंगामात दोनदाच, तेही लागोपाठ नको.
२. आंतरप्रवाही औषध शक्यतो स्पर्शजन्य जोडीदारासोबत. बाजारात तयार मिश्रणं मिळतातच. त्यावर पुन्हा घरचं मिश्रण करू नका.
३. बाटलीचं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही. कंपनी वेगळी, लेबल वेगळं, आत घटक तोच. घटकाचं नाव वाचा.

तिसरा नियम दुकानदाराच्या इमानाचा आहे. शेतकरी म्हणतो, "मागच्या वेळचं चाललं नाही, दुसरं द्या." तुम्ही दुसऱ्या ब्रँडची तीच चीज दिली, तर विक्री झाली, पण विश्वास किती दिवस टिकेल?

गंधकाबद्दल एक सूचना. भुरीवर ते स्वस्त आणि जुनं खात्रीचं औषध. पण कडक उन्हात, पारा बत्तीस-पस्तीसच्या पुढे असताना मारलं तर पानं-मणी भाजतात. फार थंडीत त्याचा परिणामही कमी होतो. इथेही दिवस बघूनच काम.

मात्रा मी इथे मुद्दाम देत नाही. कुठलं औषध द्राक्षासाठी नोंदणीकृत आहे, किती प्रमाणात, काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे बदलत असतं. लेबल आणि द्राक्ष संशोधन केंद्राची त्या वर्षीची यादी, एवढंच खरं मानायचं.

बोर्डो मिश्रण: दीडशे वर्षं टिकत आलेला माल

एक छोटी गोष्ट सांगतो. डाऊनी मूळचा अमेरिकेतला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला आणि तिथल्या बागा धोक्यात आल्या. बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडायची पद्धत होती. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की रस्त्याकडेच्या वेलींचीच पानं शाबूत आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते मांडले. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर चालला. नवीन धंदा शोधणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं: उत्तर कधीकधी बांधावरच असतं, कोणीतरी थांबून बघावं लागतं.

एक टक्का बोर्डोसाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून, गाळून, मग एकत्र. लोखंडी भांडं नको. झाल्यावर लोखंडी खिळा किंवा सुरी बुडवून बघायची. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. बनवलेलं त्याच दिवशी संपवायचं. खरड छाटणीनंतर पावसाळ्यात आणि गोडी छाटणीच्या आगेमागे खोड-ओलांड्यासाठी याचा उपयोग मोठा. फुलोऱ्यात आणि घडांवर नको, डाग पडतात.

अवशेष: माल तयार, पण विकला जात नाही

रोग आवरला, घड सुंदर आला, आणि माल नाकारला गेला. याहून कडू काही नाही. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अवशेष भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि निर्यातीला मोठा फटका बसला. ते बुरशीनाशक नव्हतं, पण धडा सगळ्या औषधांना लागू आहे.

निर्यातीच्या बागेची कृषी विभागाकडे नोंदणी असते, अपेडाच्या ग्रेपनेटवर तिची माहिती चढते, नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे "दुकानदाराने दिलं म्हणून मारलं" हे उत्तर चालत नाही. म्हणून प्रत्येक बिलावर औषधाच्या घटकाचं नाव आणि काढणीआधी थांबायचे दिवस लिहून द्या. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतील. त्या दोन ओळींसाठी शेतकरी लांबून येईल.

तासगाव भागातल्या बेदाण्यालाही हेच लागू. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जातं, औषध सगळंच उडत नाही.

काढणीच्या जवळ भुरी आली तर पर्याय थोडे असतात. अँपेलोमायसिस किंवा बॅसिलससारखी जैविकं, पोटॅशियम बायकार्बोनेट. ती रोग कमी असतानाच काम करतात. शेवटच्या महिन्यात सगळी मदार त्यांच्यावर टाकायची नसते. आधीच्या दोन महिन्यांत भुरी शिरू दिली नाही, तरच त्यांच्यावर निभावतं.

आता धंद्याचं गणित

*फवारणी सेवा.* समजा तुमच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि तीन लाखांचा ब्लोअर घेतला. एकरी फवारणीचे ६०० रुपये घेतले. डिझेल, चालक, झीज मिळून ३५० गेले. हातात २५०. तीन लाख भरून निघायला १,२०० एकर-फवारण्या लागतील. एका बागेला हंगामात ३० फवारण्या धरल्या, तर ४० एकर गिऱ्हाईक पुरे. कागदावर छान दिसतं.

आता पाऊस पाडा. रात्री पाऊस झाला, सकाळी उघडीप. चाळीसच्या चाळीस एकरांना त्याच दिवशी फवारणी हवी. तुमचा ब्लोअर दिवसाला १२ एकर करतो. शेवटच्या गिऱ्हाइकाचा नंबर चौथ्या दिवशी. तोपर्यंत डाऊनी आत जाऊन बसला. त्याचं नुकसान तुमच्या एकूण कमाईपेक्षा मोठं, आणि पुढच्या वर्षी तो तुमच्याकडे येणार नाही.

म्हणून ४० नको, २० एकरच घ्या. पण कबूल करा: पाऊस थांबला आणि ट्रॅक्टर बागेत जाऊ शकला की दोन दिवसांत फवारणी. या शब्दासाठी ६०० ऐवजी ७५० मागा. हातात ४०० उरतील. २० एकर गुणिले ३० फवारण्या म्हणजे ६००, आणि ६०० गुणिले ४०० म्हणजे २ लाख ४० हजार. सव्वा हंगामात ब्लोअर मोकळा. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे दर घालून पुन्हा करा. मुद्दा असा, की या धंद्याची क्षमता सरासरी दिवसावर मोजायची नसते, पावसानंतरच्या दिवसावर मोजायची असते.

फवारणी नीट झाली का, हेही दाखवा. पाण्याने निळा होणारा पिवळा कागद मिळतो. पानाच्या खालच्या बाजूला दोन-चार तुकडे लावा, फवारा आणि शेतकऱ्याच्या हातात द्या. डाऊनी खालून शिरतो, म्हणून खालचा कागद निळा झालाच पाहिजे.

आणि माणसांची काळजी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे हे सेवेच्या दरातच धरा. जास्तीचा खर्च म्हणून शेवटी वगळू नका.

*दुकान.* कीटकनाशक विक्रीचा परवाना १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली लागतो, आणि त्यासाठी ठरलेली शैक्षणिक पात्रता लागते. ती तुमच्याकडे नसेल तर तशी व्यक्ती नोकरीवर ठेवावी लागते. माझं शिक्षण बीबीए, म्हणून माझ्या दुकानात कृषी पदवीधर आहे आणि त्याचा पगार मी पहिल्या महिन्यापासून खर्चात धरला. ट्रायकोडर्मासारखी जैविकं "सेंद्रिय आहेत, परवाना कशाला" म्हणून विकणारे भेटतील. तीही याच कायद्याखाली येतात.

उधारीचं गणित तर दारावर लिहून ठेवा. समजा ऑक्टोबरमध्ये एक लाखाचा माल उधार दिला. तुमची खरेदी ९० हजारांची, नफा १० हजार. पैसे मार्चअखेर, म्हणजे सहा महिन्यांनी. वर्षाला १२ टक्क्यांनी ९० हजारांचं सहा महिन्यांचं व्याज ५,४००. उरले ४,६००. वीसपैकी एकाचे पैसे बुडाले तर ५ हजार गेले. तुम्ही ४०० रुपये तोट्यात, आणि दुकानाचं भाडं अजून द्यायचंच आहे. त्यात व्यापाऱ्याने शेतकऱ्याचे पैसे थकवले, तर तो फटका साखळीने तुमच्यापर्यंत येतो. उधारीची मर्यादा एकरावर ठरवा, ओळखीवर नको.

*निरीक्षण सेवा.* भांडवल सगळ्यात कमी. कृषी पदविका किंवा पदवी झालेल्या मुला-मुलींनी हे करून बघावं. आठवड्यातून दोनदा बागेत फेरी, ठरलेल्या ओळींतली ठरलेली पानं उलटून बघायची, पावसाची आणि दवाची नोंद, आणि एक पानाचा अहवाल. फी एकरी, हंगामाची. औषध विकायचं नाही, हीच तुमची पत. "या आठवड्यात फवारणीची गरज नाही" असं लिहून देणारा माणूस शेतकऱ्याला आज सहजासहजी मिळत नाही. कारण असं लिहिण्यात दुकानदाराचा फायदा नाही. तुमचा आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. ओळखीची एक बाग निवडा. छाटणीची तारीख, आज कितवा दिवस, कुठली अवस्था, हे लिहा.
२. सात दिवस रोज सकाळी पानं किती वाजेपर्यंत ओली आहेत ते बघून नोंदवा. घड्याळ आणि वही पुरे.
३. त्या बागेच्या मागच्या पाच फवारण्यांची बिलं मागा. ब्रँड खोडून घटकांची नावं लिहा. एकच गट किती वेळा आला ते मोजा.
४. त्यातल्या प्रत्येक फवारणीपुढे एक प्रश्न लिहा: ही पावसाआधीची होती, लगेच नंतरची होती, की डाग दिसल्यावरची?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर पाचपैकी तीन वेळा "डाग दिसल्यावरची" असं आलं, तर त्या गावात तुमच्यासाठी काम आहे. दुकान, ब्लोअर की वही, कशाने सुरुवात करायची ते तुमच्या भांडवलावर ठरवा.

पुढच्या धड्यात उधारीची वही कशी ठेवायची आणि वसुलीचं बोलणं कसं करायचं ते घेऊ. तोपर्यंत पानं उलटून बघत राहा.